एक टँकर गोडं पाणी

हुबळीत पाहुण्याची खरी किंमत कळायची असेल तर त्याला बसायला काय दिलं ते बघू नये, प्यायला कुठलं पाणी दिलं ते बघावं. इथं घरोघरी पाणी दोन तऱ्हेचं. एक नळाचं, सीनीर, म्हणजे गोडं पाणी. ते आपल्या मर्जीनं येतं आणि येतं तेव्हा गल्लीच्या टोकापासून "नीर बंतू! नीर बंतू!" म्हणजे पाणी आलं, अशी आरोळी उठते. पूजेला बसलेला माणूस घंटा खाली ठेवून बादली उचलतो, कारण देव थांबतो, नळ थांबत नाही. दुसरं बोअरचं. ते कधीही सोडावं आणि कधीही यावं, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. त्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं चढतात आणि तूरडाळ कितीही उकळली तरी आपला बाणा सोडत नाही. जावई, साहेब आणि घरमालक आले तर नळाचं पाणी. वर्गणीवाले, विमावाले आणि नवऱ्याकडचे लांबचे नातेवाईक यांना बोअरचं.

केशवापूरचे शेषगिरीराव गलगली पाण्याच्या बाबतीत स्वतःला अधिकारी पुरुष समजत. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेलेली. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी दुर्गदबैलाच्या बाजारातून पाण्यातले क्षार मोजायचं एक पेनाएवढं मीटर आणलं आणि ते शर्टाच्या खिशात खऱ्या पेनाशेजारी अडकवलं. तेव्हापासून शेजाऱ्यांचे माठ, खानावळीतले ग्लास, लग्नातले पाण्याचे पिंप, काही सुटलं नाही. एकदा मठात तळहातावर घेतलेल्या तीर्थातही त्यांनी ते बुडवलं. पुजारी संतापला, पण आधी "किती आलं?" म्हणून विचारून मग संतापला. शकुंतलाबाईंनी त्या दिवसापासून नवऱ्याबरोबर मठात जाणं बंद केलं. आता त्या वेगळ्या रांगेत उभ्या राहतात आणि कुणी विचारलंच तर ओळख देत नाहीत.

या घरात मोजमापाला दाद न देणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मुलगी उत्तरा. धारवाडच्या एका कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. स्थळं आली, चहा पिऊन गेली. काहींना तिनं नाकारलं, काहींनी तिला, आणि काहींना मीटरनं. म्हणजे शेषगिरीरावांनी मुलाकडच्या मंडळींसमोर त्यांच्याच बाटलीतलं पाणी मोजून दाखवलं आणि ती मंडळी परत दिसली नाहीत. मग एके दिवशी उत्तरा जेवता जेवता म्हणाली, "अप्पा, जुन्या हुबळीत सवणूर म्हणून आहेत. त्यांचा प्रभंजन आमच्याच कॉलेजात आहे. तुम्ही दोघं जाऊन बोलून या. आणि ते पेन घरी ठेवून जा." एवढं सांगताना ती ताटाकडं बघून हसली. तसं हसताना शेषगिरीरावांनी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.  या हसण्यासाठी आपण वाटेल त्या विहिरीत उडी मारू, असं त्यांना वाटलं. माणसानं असलं काही मनातसुद्धा जपून म्हणावं.

पेन त्यांनी अर्थातच घरी ठेवलं नाही.

सवणूरांचं घर जुन्या हुबळीतल्या एका अरुंद बोळात. बैठकीत गुरुराजराव सवणूर, म्हणजे मुलाचे वडील, खांबाला टेकून बसलेले. माणूस भला, पण स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. कारण समोर पाटावर त्यांच्या मातोश्री जनाबाई. त्यांना सगळी जुनी हुबळी जनक्का म्हणे. वय कुणाला ठाऊक नव्हतं, विचारायची हिंमत कुणात नव्हती. चांदीच्या भांड्यातून पाणी आलं. शेषगिरीराव एक घोट प्यायले आणि "वा!" म्हणाले.

"वा म्हणणारच की," जनक्का म्हणाल्या. "आमच्या विहिरीचं आहे ते. या पाण्यावर आमच्या घराण्याला कधी दवाखाना ठाऊक नाही." गुरुराजरावांनी त्याच वेळी खांबाआड वळून रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली.

प्रभंजन आला, बसला, लाजला, गेला. मुलगा चांगला होता. मग मुद्द्याचं बोलणं निघालं. शेषगिरीराव छातीवर हात धरून बसले. जनक्का म्हणाल्या, "द्यायचं-घ्यायचं काही नको. सोनंनाणं नको, मानपान नको. आमची एकच पद्धत आहे. लग्नाचा स्वयंपाक आमच्या विहिरीच्या पाण्यावर. वरण त्यातच, देवाच्या नैवेद्याचा हयग्रीवही त्यातच. टँकर आम्ही पाठवू. दुसरं पाणी आमच्या देवाला चालत नाही."

हयग्रीव म्हणजे हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून त्यात गूळ-खोबरं घालून केलेलं पक्वान्न. आमच्याकडच्या माध्व मंडळींना देवापेक्षा त्याची भक्ती जास्त. शेषगिरीरावांना आकाश ठेंगणं झालं. पाणी! नुसतं पाणी! "अहो, हे तर आमचं भाग्य," ते म्हणाले आणि आनंदाच्या भरात हात धुवायला मागं विहिरीवर गेले.

तिथं घोटाळा झाला. साबण हातावर फिरला, पण फेस येईना. त्यांनी आणखी घासला. साबण झिजला, फेस नाही. शेजारी तांब्याचा हंडा होता, त्याच्या आत चुन्याची भिंत चढलेली. शेषगिरीरावांचा हात आपोआप खिशाकडं गेला. बादलीत मीटर बुडवलं, तर आकडा चढायला लागला. तो इतका चढला की शेवटी मीटरनं आकडा दाखवणं सोडून नुसती एक आडवी रेघ दाखवली. एवढ्यात मागून गुरुराजरावांचा आवाज आला, 'अहो'च्या जागी हुबळीचा 'री' लावून, "काय करताय री?"

"काही नाही, काही नाही. पेन धुतोय. शाई गळायली."

गुरुराजराव त्या पेनाकडं आणि बादलीकडं जरा वेळ बघत राहिले. मग आत गेले. चांदीच्या भांड्यातलं पाणी एवढं गोड आणि बादलीतलं असं कसं, हा प्रश्न वास्तविक मोजणी खात्यातल्या माणसाला पडायला हवा होता. पण व्याह्यांच्या चांदीच्या भांड्यात मीटर घालणं म्हणजे सोयरीक तिथंच बुडवणं, एवढी अक्कल त्यांना होती. जेवढी नको होती तेवढीच नेमकी होती.

निघताना जनक्कांनी शकुंतलाबाईंच्या हातात प्रसाद म्हणून विहिरीच्या पाण्याचा एक कॅन दिला. घरी येऊन शकुंतलाबाईंनी त्यात हरभऱ्याची डाळ लावली. कुकर शिट्ट्या घालून दमला. झाकण उघडलं तर डाळ जशी आत गेली होती तशी बाहेर आली, फक्त गरम होऊन. त्यांनी एक दाणा ओट्यावर टाकला तर तो टणकन उडाला.

"मी गुरुराजरावांना सरळ सांगतो," शेषगिरीराव म्हणाले. "माणूस समंजस आहे."

"सांगा की," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि मग पोरीला तुम्हीच सांगा, तुझं लग्न मी डाळीपायी मोडलं म्हणून. म्हातारीच्या विहिरीला नाव ठेवलंत की संपलं सगळं. आधीच तुमच्या त्या पेनानं दोन स्थळं घालवलीत."

"आणि नाही सांगितलं तर? भर मंडपात डाळ शिजली नाही तर?"

"तर मुलीकडच्यांनी पंगत उपाशी उठवली म्हणून नाव होईल. नाव तुमचंच होईल. त्यांच्या विहिरीचं होणार नाही."

 इकडं आड, तिकडं विहीर ही म्हण आपल्याला इतकी शब्दशः लागू पडेल असं शेषगिरीरावांना कधी वाटलं नव्हतं.

गुपित ठेवायचं ठरलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते शेजारीपाजारी गेलं. समोरचे सुमंत वकील सुपारी कातरत आले. त्यांनी निवृत्तीनंतर वकिली सोडली होती, पण सल्ला सोडला नव्हता. "लेखी घ्या री," ते म्हणाले. "पत्रिकेतच छापा. खाली 'आहेर आणू नये' असतं ना, त्याच्याही खाली. 'वरपक्षाच्या पाण्यामुळे डाळ न शिजल्यास वधूपक्ष जबाबदार राहणार नाही.' उद्या कोर्टात काही झालं तर कागद पाहिजे." लग्नाच्या पत्रिकेत कोर्ट बघणारा हा गृहस्थ स्वतःच्या लग्नात कसा उभा राहिला असेल, असा विचार शेषगिरीरावांच्या मनात येऊन गेला.

शेजारच्या रोहिणीबाई म्हणाल्या, "चिमूटभर सोडा टाकायचा की. एवढं काय त्यात?" पण जनक्कांनी तेही बैठकीतच बंद करून टाकलं होतं. त्या स्वयंपाकाच्या वेळी सोवळ्यात, म्हणजे मडीत, जातीनं चुलीपाशी बसणार होत्या. सोडा धोतराला, देवाला नाही, असं त्यांचं शास्त्र. मग रोहिणीबाईंनी कच्ची पपई सुचवली, कुणी डाळ आठवडाभर भिजत घाला म्हणालं. डाळीला मोड आले तर काय करायचं, असं शेषगिरीरावांनी विचारलं. उत्तर आलं, "मग उसळ करा."

शेवटी शेषगिरीरावांनी स्वतःच्या डोक्यानं मार्ग काढला. टँकर येऊ द्यायचा. जनक्कांचं समाधान होऊ द्यायचं. मग कुणाला नकळत त्यातलं विहिरीचं पाणी ओतून टाकायचं आणि त्याच टँकरात गोडं पाणी भरून आणायचं. टँकर तोच, श्रद्धा तीच, पाणी वेगळं. ही युक्ती त्यांना इतकी आवडली की स्वतःशीच दोनदा हसले.

गोड्या पाण्याचा टँकर हवा, तर अर्ज हवा. एका पाण्याच्या कचेरीत ते अर्ज घेऊन गेले. कुठली ते सांगत नाही, त्यांना तिथं पुन्हा जायचं आहे. कारकुनानं अर्ज वाचला. "कल्याण मंटपाला बोअर आहे काय?"

"आहे, पण जड पाणी आहे."

"म्हणजे पाणी आहे."

"अहो, डाळ शिजत नाही त्यात."

"अर्ज पाण्यासाठी आहे री. डाळीसाठी वेगळं खातं. आणि पाणी जड आहे हे कुणी ठरवलं?"

इथं शेषगिरीरावांनी खिशातून मीटर काढलं. आयुष्यात चुकीच्या वेळी काढलेल्या वस्तूंत याचा नंबर फार वर लागेल. कारकुनानं आपल्या बाटलीतलं पाणी मोजून घेतलं. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी. मग शिपायानं. बघता बघता सगळी कचेरी आपापल्या बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली आणि शेषगिरीराव त्या रांगेपुढं गावच्या डॉक्टरासारखे बसले. प्रत्येकाला ते आकडा सांगत, वर पथ्यही सांगत. इतका मान त्यांना नोकरीतही मिळाला नव्हता. तेवढ्यात गलका ऐकून साहेब बाहेर आले. साहेबांच्या केबिनमध्ये वेगळं, खास, सीलबंद पिंप होतं. तेही मोजलं गेलं, आणि सगळ्या कचेरीत सगळ्यात वाईट आकडा साहेबांच्या पिंपाचा निघाला. कुणीतरी मागं हसलं. साहेबांनी शेषगिरीरावांकडं पाहिलं, अर्ज हातात घेतला आणि त्यावर लिहिलं, 'पुढील वर्षी विचार व्हावा.' कारकून हळूच म्हणाला, "लग्न पुढं ढकलता येतंय काय बघा की."

मान खाली घालून ते बाहेर आले, तर फाटकाशी टँकरला टेकून एक माणूस बिडी ओढत उभा होता. तो मंजुनाथ. जुन्या हुबळीच्या बाजूला लग्नाकार्याला टँकर पुरवणारा. "अण्णा, अर्ज कशाला घालताय री? मला सांगायचं होतं. कुठलं लग्न?"

शेषगिरीरावांनी सांगितलं. मंजुनाथ एकदम सावरून उभा राहिला. "सवणूरांच्या घरचं? गुरुराज अप्पांनी टँकर मलाच सांगितलाय की."

देवानंच माणूस धाडला, असं शेषगिरीरावांना वाटलं. त्यांनी मंजुनाथला बाजूला घेऊन सगळी योजना कानात सांगितली. पहाटे टँकर मंडपाच्या मागच्या दाराशी आणायचा, पाणी गटारीत सोडायचं, ताबडतोब गोडं पाणी भरून परत यायचं. मंजुनाथ ऐकत राहिला. त्याचा चेहरा चमत्कारिक झाला. त्यानं डोकं खाजवलं.

"अण्णा, टँकरातलं पाणी ओतून टाकायचं? नक्की?"

"नक्की."

"पुन्हा एकदा विचार करा बघा."

"मंजुनाथ, मी मोजलंय."

"मग काय री. शिकलेली माणसं तुम्ही."

"आणि यारिगू हेळबॅडा. कुणालाही सांगायचं नाही. शपथ घे."

मंजुनाथनं एक लांब सुस्कारा टाकला. "आणखी एक शपथ. आतरी, आतरी," म्हणजे बरं, बरं, असं म्हणत तो टँकरवर चढला. आणखी एक म्हणजे काय, हे शेषगिरीरावांनी विचारलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे टँकर आला तो गौरीसारखा नटून. पुढं आंब्याचे टहाळे, नळकांड्याला हळदकुंकू. जनक्कांनी स्वतः लावून धाडला होता. शेषगिरीराव धोतर सावरत मागच्या दाराशी उभेच होते. "सोड," ते म्हणाले.

मंजुनाथनं त्यांच्याकडं शेवटचं एकदा पाहिलं आणि चावी फिरवली. पाणी धो धो गटारीला लागलं. आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतली एक बाई घागर घेऊन धावत आली, मागोमाग आणखी चौघीजणी. पहिलीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि ओरडली, "अय्यो, सीनीर! सीनीर री!" शेषगिरीरावांना तिची कणव आली. बिचारी. घोटभर पाण्यासाठी माणसाची जीभसुद्धा खोटं बोलते, असा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना फार सखोल वाटला. मीटर खिशात होतं. पण मोजणी खात्याचा नियम असा की एकदा झालेली मोजणी पुन्हा करायची नसते. पुन्हा मोजलं की बांध हलतो आणि भांडण वाढतं.

बायकांच्या घागरी भरल्या, टँकर रिकामा झाला, मंजुनाथ गेला. परत यायला त्याला उशीर लागला. आल्यावर तो नुसतं "आणलंय री" म्हणाला आणि टाकीत पाणी सोडून टँकरखाली जाऊन झोपला.

मग सगळं ठरल्याप्रमाणं सुरू झालं. सनई वाजली. प्रभंजन मुंडावळ्यांतून उत्तराकडं चोरून बघत होता आणि उत्तरा त्याच्याकडं न चोरता बघत होती. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. शेषगिरीरावांचे डोळे भरून आले. लेक सुखी होणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, तोच मागून कुणीतरी उपरणं ओढलं. आचारी श्रीनिधी भट. काखोटीला झारा, कपाळावर घाम.

"रावसाहेब, डाळ शिजंना."

"कुठली?"

"दोन्ही."

शेषगिरीराव धावत मुदपाकखान्यात गेले. पातेली रटरटत होती. झाऱ्यावर वरणातली डाळ घेऊन त्यांनी दाबली, तर बोटाला खड्डा पडला. डाळीला नाही. हयग्रीव तर गुळात वाळू कालवल्यासारखा दिसत होता. चुलीपाशी जनक्का मडीत बसून जप करत होत्या, त्यामुळं सोड्याचं नावही काढता येईना. शेषगिरीरावांनी वाटीत थोडं पाणी घेतलं, भिंतीकडं तोंड केलं आणि गुपचूप मीटर बुडवलं. आडवी रेघ.

त्याच क्षणी दुसऱ्या दारातून गुरुराजराव आत आले. तेही धापा टाकत, तेही उपरणं सावरत. पातेल्यात डोकावून त्यांचा रंग उडाला. "हे कसं शक्य आहे?" ते स्वतःशीच पुटपुटले. "हे पाणी तर..." आणि एकदम थांबले.

"हे पाणी तर काय?" शेषगिरीरावांनी विचारलं.

"काही नाही, काही नाही. तुम्ही का एवढे घामाघूम झालात?"

"मी? छे. उकडायलंय."

 मग दोघंही एकदम मागच्या दारानं बाहेर पडले आणि टँकरखालून मंजुनाथला पाय धरून ओढलं. शेषगिरीराव दबल्या आवाजात म्हणाले, "कुठलं पाणी आणलंस?"

मंजुनाथ उठून बसला आणि त्याचा बांध फुटला. "माझी काही चूक नाही री! गुरुराज अप्पांनी सांगितलं, विहिरीचं भरू नको, गोडं पाणी भर, आणि कुणाला सांगू नको. मी गोडं भरून आणलं. तुम्ही सांगितलं, ते ओतून टाक, आणि कुणाला सांगू नको. मी ओतलं. पुन्हा भरायला गेलो तर गोड्याची लाइन बंद झालेली. मुहूर्त काय थांबतोय? वाटेत पाव्हण्याच्या शेडमधलं बोअरचं भरून आणलं. दोघांचीही शपथ पाळली. आता मला का ओढताय?"

 आत सनईवाला उगीचच वाजवत होता. शेषगिरीरावांच्या डोळ्यांपुढं ती घागरवाली बाई आली, आणि तिची कीव करणारे आपण आले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ते म्हणाले. "विहिरीचं?"

गुरुराजराव दगडावर बसले. "मी लहान असल्यापासून आमच्या घरी त्या पाण्यात डाळ शिजली नाही री. वडिलांनी नळ घेतला तो त्याच्यासाठी. आई रोज विहिरीचं ओढून देते, आम्ही ते नारळीला घालतो आणि स्वयंपाक नळाच्या पाण्यावर करतो. तिला सांगायचं कसं? सात पिढ्यांची पुण्याई आहे म्हणते. तुम्ही तरी मला विचारायचं की."

"मुलीचं लग्न मोडलं असतं म्हणून नाही विचारलं."

"मुलाचं मोडलं असतं म्हणून मी नाही बोललो," गुरुराजराव म्हणाले. "तुमच्या हातात ते पेन बघितलं होतं तेव्हाच अंगात कापरं भरलं होतं."

एकमेकांना वाचवायला निघालेली दोन भली माणसं एकमेकांना बुडवून दगडावर बसली होती. भांडावं तर कुणी कुणाशी? तोंड उघडलं की आपलंच पितळ उघडं. तोवर आतून हाक आली, "पानं वाढली, पानं वाढली!" आता काही इलाज नव्हता. श्रीनिधी भटांनी आहे तेच पंगतीत नेलं. इतक्या नम्रपणे वाढणारा आचारी हुबळीनं पाहिला नसेल.

पहिल्या पंगतीच्या अग्रस्थानी जनक्का. त्यांच्या एका बाजूला गुरुराजराव, दुसऱ्या बाजूला शेषगिरीराव. जेवणाआधीचा 'गोविंद' गजर झाला आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला. मग मंडपभर एक विचित्र आवाज सुरू झाला, खडीवरून बैलगाडी जावी तसा. सुमंत वकील चावता चावता थांबले आणि 'लेखी घ्या म्हटलं होतं' अशा नजरेनं बघू लागले. वराकडची एक बाई दुसरीच्या कानाला लागली. शकुंतलाबाईंनी डोळे मिटून घेतले. शेषगिरीरावांना वाटलं, आता म्हातारी उठणार, पान ओलांडून जाणार, आणि माझ्या पोरीच्या संसाराची सुरुवात अशी होणार. 

जनक्कांनी हयग्रीवाचा मोठा घास घेतला. चावला. कुडुम. पुन्हा चावला. सगळी पंगत त्यांच्या जबड्याकडं बघत होती. बराच वेळ चावून त्यांनी घास गिळला आणि हात आडवा करून म्हणाल्या, "गुरू!"

"काय आई?" गुरुराजरावांनी हातातला घास पानात ठेवला.

"हे बघ!" म्हातारीचे डोळे पाण्यानं डबडबले होते. "इतकी वर्षं मी म्हणतेय, घरातल्या डाळीला विहिरीची चव राहिली नाही. तुम्ही मला वेडी ठरवलंत. तोंडाची चव गेली म्हणालात. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा हीच डाळ होती. अशीच. दाणा न् दाणा सुटा. सासूबाई म्हणायच्या, चाव, दात घट्ट होतात. अजून एक पडलेला नाही माझा. हे आमच्या विहिरीचं पाणी! नळाची ती गिळगिळीत डाळ नाही." मग शेषगिरीरावांकडं वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. "व्याही असावा तर असा. पोटच्या पोरानं मला फसवलं, पण परक्यानं माझ्या पाण्याचा मान राखला."

पंगतीला काय करावं कळेना, मग सगळे जोरजोरात चावायला लागले. वराकडची ती बाई म्हणाली, "खरंच, चव काही वेगळीच आहे." शेषगिरीरावांना हसावं की रडावं कळेना. लेकीचं लग्न वाचलं होतं. डाळीनंच मोडलं असतं, डाळीनंच तारलं. मंजुनाथच्या पाव्हण्याच्या बोअरला त्यांनी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. गुरुराजरावांनी पानाआडून त्यांचा हात घट्ट दाबला.

"आजपासून घरातला नळ बंद," जनक्का म्हणाल्या. "कुठंय माझी नातसून?"

उत्तरा पुढं आली. आमच्याकडं नव्या नवरीनं पहिल्या पंगतीला गोड वाढायची रीत आहे. नऊवारी खोचून, हातात हयग्रीवाचं भांडं घेऊन ती आली आणि जनक्कांपुढं वाकली. "उद्यापासून स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर," जनक्का म्हणाल्या. "तू स्वतः ओढायचं. रोज. जमेल ना?"

उत्तरानं आधी सासऱ्यांकडं पाहिलं, मग बापाकडं. दोघांनी एकाच वेळी पानाकडं बघितलं. तेवढं तिला पुरलं.

"जमेल की, अज्जी," ती गोड आवाजात म्हणाली आणि पंगतीत वाढायला लागली. वाढता वाढता ती दोघा व्याह्यांपुढं येऊन थांबली. डाव भरून तिनं गुरुराजरावांच्या पानात वाढलं. पुन्हा भरून शेषगिरीरावांच्या. मग पुन्हा गुरुराजरावांच्या. शेषगिरीरावांनी पानावर आडवा हात धरला, तो तिनं हलकेच बाजूला केला.

"अज्जी म्हणतात पानात टाकायचं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. मग खाली वाकली आणि फक्त दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जन्मभर मला चावायचंय. आज तुम्ही चावा."

ती हसत पुढं गेली. दोन्ही व्याही मान खाली घालून चावायला लागले. जनक्का कौतुकानं बघत होत्या. जरा वेळानं कट्ट असा एक आवाज आला. दात कुणाचा गेला, हे दोघांपैकी कुणीही आजवर कबूल केलेलं नाही.